विक्रीकरातला एक टक्का बाजूला काढायचा, त्यावर बॉन्ड (कर्जरोखे) काढायचे आणि सार्वजनिक इमारती बांधायच्या. इंदूरला हे जमेल का?

रामबागकर

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय, लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

माझा भाचा अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असतो, अटलांटाच्या शेजारी कॉब काउंटीत. परवा फोनवर महागाईचा विषय निघाला तेव्हा म्हणाला मामा, आमच्याकडे दुकानात सहा टक्के सेल्स टॅक्स लागतो. त्यातले चार राज्याचे. उरलेल्या दोनातला एक शाळांच्या बांधकामाचा आणि एक काउंटीच्या बांधकामाचा. ह्या काउंटीच्या एक टक्क्याला तिकडे स्प्लॉस्ट म्हणतात, १९८५ पासून त्या राज्यात तसा कायदा आहे. आधी यादी जाहीर करायची की आम्ही कोर्टाची इमारत, फायर स्टेशन, लायब्ररी, तुरुंग, रस्ते असं अमुक अमुक बांधणार, मग लोकांचं मतदान घ्यायचं, लोकांनी हो म्हटलं तरच कर लागतो आणि तोही पाच-सहा वर्षांसाठी. मुदत संपली की कर बंद. पुन्हा हवा असेल तर पुन्हा यादी आणि पुन्हा मतदान. पगार, दिवाबत्ती, रोजचा खर्च ह्यासाठी त्यातला पैसा वापरता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पाच वर्षं पैसे साठण्याची वाट बघायची नसेल तर काउंटी त्याच मतदानात बॉन्डची परवानगी पण मागू शकते. म्हणजे इमारतीचे पैसे आजच हातात येतात, काम सुरू होतं, आणि दर महिन्याला जो टॅक्स गोळा होतो त्यातून बॉन्डचे हप्ते जातात. गुंतवणूकदाराला माहीत असतं की आपला पैसा कुठून परत येणार आहे.

आपल्या इंदूरला बॉन्ड काही नवीन नाहीत. २०१८ मध्ये निगमाने (आपल्या महापालिकेने) १४० कोटींचे काढले, ९.२५ टक्क्यांनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड आले ८.२५ टक्क्यांचे, ते तर सामान्य माणसासाठी खुले होते, मी पण घेतलेत. किमान दहा हजारांचा अर्ज होता. डीमॅटमध्ये एकाच बॉन्डच्या चार वेगळ्या ओळी आल्या, अडीचशे-अडीचशे रुपयांच्या, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांच्या मुदतीच्या, आणि सहा महिन्यांनी व्याज खात्यात येतं.

पण हे सगळं पाणी, ड्रेनेज आणि सोलर ह्यांच्यासाठी. सोलरचं गणित समजतं. नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवायला निगमाचं विजेचं बिल महिन्याला पंचवीस कोटींच्या आसपास जातं, ६० मेगावॅटच्या प्लांटमुळे ते बिल कमी होणार आणि त्या बचतीतून बॉन्ड फिटणार. ठीक. आता मला सांगा, वॉर्डातली लायब्ररी काय वाचवणार? फायर स्टेशन काय कमावणार? नाट्यगृहाचं भाडं त्याच्याच वीजबिलाला पुरत नाही. अशा इमारतींसाठी बॉन्ड काढायचे तर मागे कुठला तरी कर उभा करावाच लागेल. म्हणून विचारतोय, इंदुरात जो जीएसटी भरला जातो त्यातला छोटासा हिस्सा ह्या कामासाठी बांधून ठेवता येईल का?

पलासिया_ताई

रामबागकर, विषय छान काढलात. लायब्ररीचं नाव काढलंत म्हणून लगेच लिहायला बसले. आमच्या भागातली मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला भंवरकुआंच्या खाजगी लायब्रऱ्यांमध्ये महिन्याचे पैसे भरून बसतात, एका खुर्चीची जागा, वर एक पंखा आणि एक प्लग. शहर एवढं वाढलं आणि बसून वाचायला सरकारी जागा मोजक्याच. त्यामुळे इमारती हव्यात ह्याबद्दल वाद नाही.

पण विक्रीवरचा कर मला खटकतो. रिक्षावाला आणि कारखानदार साबणाच्या वडीवर सारखाच कर भरतात. ज्याची सगळी कमाई खर्चातच जाते त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा ह्या करात जातो. तुमच्या जॉर्जियात राज्याचा टॅक्स किराणा मालाला लागत नाही पण हा काउंटीचा एक टक्का किराण्यालाही लागतो, भाच्याला विचारून बघा. म्हणजे लायब्ररीसाठी दूध-पिठावर कर. हे मला नाही पटत.

दुसरी बाजू पण आहे, ती पण सांगते. एम टी क्लॉथ मार्केटमध्ये लग्नाचा बस्ता घ्यायला निमाडातून, धारहून, देवासहून माणसं येतात. आजारी पडलं की एम वाय हॉस्पिटलला येतात, क्लासेसना मुलं येतात. शहराचे रस्ते, दवाखाने, सगळं वापरतात आणि निगमाला संपत्तीकर देतो आपण. विक्रीकराचा फायदा एवढाच की बाहेरून येणाऱ्याचा पण थोडा हात लागतो. अमेरिकेतल्या गावांना हा कर आवडतो त्याचं एक मोठं कारण हेच असणार.

सुदामानगर_सीए

रामबागकर भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो, मग बाकीचं. नाही, आज नाही जमणार. कारण निगमाकडे स्वतःचा विक्रीकर नाहीच. जीएसटी लावायचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला आणि राज्याला दिलाय, शहराला नाही. कॉब काउंटीकडे लोकांना विचारून एक टक्का लावायची चावी आहे, आपल्याकडे ती चावीच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एकेकाळी होती. चुंगी, म्हणजे जकात. मध्य प्रदेशात ती १९७६ मध्ये बंद झाली आणि राज्याने प्रवेश कर आणला, तो राज्याच्या तिजोरीत जायचा. बदल्यात निगमांना आणि नगरपालिकांना चुंगी क्षतिपूर्ती (भरपाई) मिळायला लागली. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रवेश कर त्यातच गेला. क्षतिपूर्ती अजून मिळते पण तिचं स्वरूप अनुदानासारखं झालंय. भोपाळहून दर महिन्याला येते, आणि यायच्या आधीच त्यातून विजेची थकबाकी वगैरे कापली जाते. निगमाचे लोक पगाराच्या वेळी ह्याच पैशाकडे डोळे लावून बसलेले असतात.

म्हणजे आपल्याकडे विक्रीकराच्या सगळ्यात जवळ जाणारं जे काही आहे ते हे. आता कुठला गुंतवणूकदार अशा पैशावर दहा वर्षांचा बॉन्ड घेईल, ज्यातून तिसराच माणूस आधी आपला वाटा कापून घेतो?

मांडवीकर

बडोद्याहून लिहितोय. सीए साहेबांनी चुंगी काढलीच आहे तर आमच्या गुजरातची गोष्ट ऐका, ह्या धाग्यात ती हवीच.

अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये शंभर कोटींचे बॉन्ड काढले. राज्य सरकारची हमी न घेता शहराने स्वतःच्या जोरावर काढलेले देशातले ते पहिले. सात वर्षांचे, १४ टक्के व्याज, तेव्हा दर तसेच होते. हमी नव्हती म्हणून मग त्यांनी काय केलं तर शहराच्या दहा जकात नाक्यांचं उत्पन्न त्या बॉन्डसाठी बांधून दिलं. दहा नाक्यांवर जे गोळा होईल ते वेगळ्या खात्यात, तिथून आधी बॉन्डवाल्यांचा हप्ता आणि मग उरलं ते महापालिकेला. तुम्ही जे जॉर्जियाचं सांगताय त्याचाच हा भाऊ, मालावरचा कर बांधून ठेवून कर्ज उभं केलं आणि ते पण आपल्या शेजारच्या शहरात, पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. नोव्हेंबर २००७ मध्ये राज्य सरकारने जकातच बंद केली. अहमदाबादची, बडोद्याची, सुरतची, सगळ्यांची. त्या पहिल्या बॉन्डची मुदत तोपर्यंत भरली होती म्हणून बरं. नाहीतर ज्या नाक्यावर बॉन्ड उभा तो नाकाच एका निर्णयाने गेला असता. आमच्या इथे वाघोडिया रोडला, छाणीला जकात नाका म्हणून बस स्टॉपचं नाव आजही चालतं, नाका नाही.

त्यानंतर आमच्या महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शंभर कोटींचे बॉन्ड काढले ७.१५ टक्क्यांनी, मग २०२४ मध्ये शंभर कोटींचे ग्रीन बॉन्ड ७.९० टक्क्यांनी. दोन्ही पाणी-सांडपाण्यासारख्या कामांसाठी. लोकांनी उड्या मारून घेतले. इमारतींसाठी मात्र आमच्याकडेही कोणी काढत नाही, रामबागकरांनी जे कारण दिलंय तेच.

लश्करकर

ग्वाल्हेर. मी ह्या अमुक कामासाठी कर बांधून ठेवण्याच्या कल्पनेवरच विश्वास ठेवायला तयार नाही, सॉरी. २००४ पासून आपण सगळ्यांनी शिक्षण उपकर भरला, नंतर २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला. प्राथमिकचा जो होता त्याला निदान वेगळा कोष केला. ह्या दुसऱ्या एक टक्क्याचा कोष कित्येक वर्षं केलाच नव्हता, कॅगने अहवालात लिहिलं तेव्हा चर्चा झाली, २०१७ मध्ये कोष मंजूर झाला. दहा वर्षं लोक कर भरतायत शिक्षणाच्या नावाने आणि पैसा मोठ्या तिजोरीत मिसळतोय. नाव लावलं म्हणून पैसा बांधला जात नाही. उद्या लायब्ररीच्या नावाने उपकर लागेल, तो कायमचा राहील आणि लायब्ररी दिसणार नाही.

कोथरूडची_सूनबाई

माहेर इंदूर (लोकमान्य नगर), सासर पुणे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहिती आहे.

लश्करकर काका, तुमचा राग रास्त आहे पण उलटं उदाहरणही आहे ना. महाराष्ट्रात १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचा आणि दुष्काळी भागात मजुरीला द्यायचा. त्यावर योजना उभी राहिली आणि पुढे देशभराच्या रोजगार हमीच्या कायद्याला तीच वाट मिळाली. म्हणजे कायद्यात नीट लिहिलेलं असेल आणि पैसा मागणारा माणूस दारात उभा असेल तर बांधलेला कर काम करतो.

दुसरं, सीए दादांनी क्षतिपूर्तीचं जे सांगितलं त्यात महाराष्ट्रात एक फरक आहे. २०१७ मध्ये मुंबईची जकात गेली आणि बाकी शहरांचा एलबीटी (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) पण, तेव्हा विधानसभेने वेगळा कायदाच केला की महापालिकांना दर महिन्याला भरपाई द्यायची आणि दर वर्षी ती ८ टक्क्यांनी वाढवायची. आकडा ठरलेला, वाढ ठरलेली, महिना ठरलेला. हे अनुदानापेक्षा खूप वेगळं आहे, कारण ह्यावर गणित मांडता येतं.

आणि पुण्याने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्यासाठी २०० कोटींचे बॉन्ड काढले ७.५९ टक्क्यांनी, ते मिळकत कराच्या जोरावर. शिवाय आमच्याकडे घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो सेस लागतो. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात त्या चलनावर सेसची ओळ बघून सासरे म्हणाले की चला, मेट्रोचा एखादा खांब आपला पण.

सुदामानगर_सीए

सूनबाई, ८ टक्क्यांच्या वाढीचा मुद्दा फार कामाचा. थांबा, आता जरा आकडे मांडतो म्हणजे हवेत बोलणं नको.

समजा शंभर कोटींच्या इमारती बांधायच्या. व्याज ८ टक्के धरा, दहा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे. वर्षाला जवळपास १४.९ कोटी लागतील. पंधरा वर्षं केली तर ११.७ कोटी, पण एकूण फेड जास्त. आता जेवढा हप्ता तेवढाच कर बांधून दिला तर कोणी बॉन्ड घेणार नाही, कारण एक वर्ष धंदा मंदा गेला की हप्ता चुकला. म्हणून हप्त्याच्या दीडपट-दुप्पट कर त्या खात्यातून फिरवायचा, हप्ता आधी कापायचा, उरलेला त्याच महिन्यात निगमाला परत. म्हणजे १५ कोटींच्या हप्त्यासाठी २५-३० कोटींचा प्रवाह त्या एस्क्रो, म्हणजे ह्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यातून गेला पाहिजे. ट्रस्टी (बॉन्डवाल्यांच्या वतीने लक्ष ठेवणारा) वेगळा, खातं वेगळं, निगमाच्या आयुक्तांनाही मधे हात घालता येत नाही. सेबीचे २०१५ चे नियम आहेत त्यात एस्क्रो आणि ट्रस्टी हे सगळं आहेच.

आणखी एक अट लागते, अमेरिकेत अशा बॉन्डच्या करारात ती सहसा असते. त्याच करावर पुन्हा नवीन कर्ज काढायचं तर आधी सिद्ध करा की जुने आणि नवे दोन्ही हप्ते मिळून कर अमुक पट उरतो. ही अट नसली की पहिल्या वर्षी लायब्ररी, दुसऱ्या वर्षी स्टेडियम, तिसऱ्या वर्षी आणखी काही, आणि सगळे एकाच विहिरीवर.

असं झालेलं पण आहे. प्युर्टो रिको नावाचं बेट आहे अमेरिकेचं. त्यांनी २००६ मध्ये विक्रीकर सुरू केला आणि त्याचा एक भाग कोफिना नावाच्या सरकारी कंपनीच्या नावे केला. कायद्यात लिहिलं की हा पैसा सरकारचा नाहीच, कंपनीचा आहे. त्यावर अब्जावधी डॉलरचे बॉन्ड काढत गेले, आणि इमारतींसाठी म्हणाल तर नाही, बरंचसं जुनं कर्ज आणि तूट भरण्यासाठी. २०१७ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा दुसरे कर्जदाते उभे राहिले की आमच्या कर्जाला घटनेची हमी आहे, आधी आमचं. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये तडजोड झाली. त्या बांधलेल्या कराचे ५३.६५ टक्के कोफिनाला, बाकी सरकारला. साडेसतरा अब्ज डॉलरच्या वर जे कर्ज होतं ते बारा अब्जांवर आलं. वरच्या दर्जाच्या बॉन्डवाल्यांना रुपयाला ९३ पैसे, खालच्यांना ५६ पैसे. म्हणजे कायद्याने बांधला, वेगळी कंपनी केली, तरी सरकारच कंगाल झालं तर त्या गाठी सोडवायला लोक कोर्टात जातातच.

न्यूयॉर्कचं पण बघा. १९७५ मध्ये शहर बुडायला आलं तेव्हा राज्याने शहराचा विक्रीकर स्वतःकडे वळवून एका वेगळ्या महामंडळाला दिला आणि त्याच्या जोरावर बॉन्ड काढून शहर वाचवलं. ते बॉन्ड फिटले, खरं आहे. पण २००४ मध्ये उरलेलं कर्ज नव्या बॉन्डमध्ये वळवून परतफेड २०३४ पर्यंत नेण्याची योजना केली. १९७५ चा खड्डा आणि त्याचा हप्ता भरतायत तेव्हा जन्मलेली नव्हती ती पोरं.

पलासिया_ताई

सीए दादा, हे वाचून धास्तीच वाटली. मग बॉन्डशिवाय नुसता कर घेऊन बांधणारं कोणी नाही का?

रामबागकर

आहे ना ताई. ओक्लाहोमा सिटी. डिसेंबर १९९३ मध्ये त्यांनी एक टक्का सेल्स टॅक्सवर मतदान घेतलं, पाच वर्षांसाठी, आणि ठरवलं की कर्ज काढायचंच नाही. जसा पैसा येईल तसं बांधायचं. बेसबॉलचं मैदान, कालवा, मोठं अरीना, मध्यवर्ती लायब्ररी. पैसा थोडा कमी पडला तेव्हा पुन्हा लोकांकडे गेले आणि सहा महिने वाढवून घेतले, मग कर बंद केला. वर लोकांमधून नेमलेलं देखरेख मंडळ. इमारती उभ्या राहिल्या आणि डोक्यावर कर्ज शून्य. पुढे २००१ मध्ये ह्याच पद्धतीने शाळांसाठी केलं आणि तेव्हापासून तिथले लोक परत परत हो म्हणत आलेत.

पण हे पण बघा की लायब्ररी उघडली २००४ मध्ये, मतदानानंतर अकरा वर्षांनी. बॉन्ड काढले असते तर कदाचित पाच-सहा वर्षं आधी उघडली असती, वर व्याज गेलं असतं. आज जी मुलं नववीत आहेत त्यांना अकरा वर्षांनी मिळालेली लायब्ररी काय कामाची? म्हणून मी बॉन्डच्या बाजूने आहे, पण मुदत असलेल्या, यादी ठरलेल्या.

स्नेहलतागंज_इंजिनिअर

मी बिल्डिंग लाइनमध्ये आहे, सरकारी कामं पण केलीयेत, त्यामुळे पैशावाल्यांच्या चर्चेत एक सिमेंटवाल्याची गोष्ट सांगतो जी कोणी बोलत नाहीये.

आमच्याकडे एका गावात (नाव नाही लिहीत) सामुदायिक भवन बांधलं. सुरेख झालं होतं, कोटा स्टोन, चांगला स्टेज, लिफ्ट, वरती हॉल. दोन पावसाळ्यांनी मी गेलो तर टेरेसचं वॉटरप्रूफिंग गेलेलं, वरच्या हॉलच्या भिंतीला हात लावला की पोपडे हातात, लिफ्टला कुलूप आणि त्या लिफ्टच्या दारासमोर मंडपवाल्याच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. चौकशी केली तर बांधकामाचा निधी संपला आणि देखभालीचं हेडच कोणी उघडलं नव्हतं. चौकीदार तिसऱ्याच खात्यातून, तो पण कधी असतो कधी नसतो. बॉन्ड काढून जर हे बांधलं असतं तर वर्षानुवर्षं लोक पोपड्यांचा हप्ता भरत राहिले असते.

रामबागकरांनी सांगितलं की जॉर्जियाचा तो पैसा पगार आणि रोजच्या खर्चासाठी वापरता येत नाही. कर भलतीकडे जाऊ नये म्हणून ही अट चांगली, मान्य. पण इमारतीच्या दृष्टीने तीच अट घातक. फायर स्टेशन बांधलं, आता त्यात बंब आणि फायरमन कोणाच्या पैशाने? लायब्ररीत पुस्तकं कोण घेणार, ग्रंथपाल कोण? बांधकामाच्या खर्चाचे दर वर्षी दीड-दोन टक्के तरी निव्वळ डागडुजीला लागतात असं आम्ही धरून चालतो, शंभर कोटींच्या इमारतींवर दीड-दोन कोटी. हा आकडा एस्क्रोमध्येच हप्त्याच्या लगेच खाली बसवा. आधी हप्ता, मग डागडुजी, मग निगम. नाहीतर मी तरी ह्या योजनेच्या विरोधात.

मांडवीकर

इंजिनिअर साहेब, एकशे एक टक्के.

लश्करकर

इंजिनिअरनी लिहिलं ते पटलं. अजून एक, अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या काउंटीने १९९६ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर दोन स्टेडियमसाठी लावला, लोकांची मतं मिळावी म्हणून त्यातलेच पैसे वापरून घरमालकांना घरपट्टीत सूट पण कबूल केली. कर अपेक्षेएवढा वाढला नाही, मंदी आली, हप्ता तर द्यावाच लागतो, मग ती सूट कमी करत गेले. बॉन्डवाल्याचा करार पक्का आणि नागरिकाचं वचन कच्चं. माझी भीती तीच आहे. विक्रीकर बाजाराबरोबर वरखाली होतो. हप्ता होत नाही. २०२० मध्ये दोन महिने राजवाड्यापासून लश्करच्या बाड्यापर्यंत एक शटर वर नव्हतं, तेव्हा काय गोळा झालं असतं?

सुदामानगर_सीए

लश्करकर काका, म्हणूनच दुप्पट आणि म्हणूनच सहा महिन्यांच्या हप्त्याएवढा राखीव निधी पहिल्याच दिवशी बॉन्डच्या पैशातून बाजूला ठेवायचा. पण तुमचं बरोबर आहे, नुसत्या विक्रीकरावर ठेवू नये.

कोणीतरी मुद्रांक शुल्काचा पर्याय आणेल म्हणून आधीच सांगतो. आपल्या राज्यातही रजिस्ट्रीच्या वेळी शहरी भागात निगम-पालिकांसाठी वेगळा अधिभार घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो ३ टक्क्यांवरून १ टक्का केला, घरांचे व्यवहार वाढावेत म्हणून, वर्षाअखेरपर्यंत. त्या वेळी तो निर्णय योग्यही असेल. पण त्याच्यावर बॉन्ड उभा असता तर? जो कर दुसऱ्याच्या सहीने एका दिवसात दोन तृतीयांश कमी होतो तो बांधायच्या लायकीचा नाही, जोवर कायद्यात असं लिहिलेलं नाही की बॉन्ड फिटेपर्यंत दर कमी करणार नाही. न्यूयॉर्कवाल्या बॉन्डमध्येही मुळात ताकद तीच होती की कर गोळा करणारा आणि वचन देणारा दोन्ही राज्यच होतं.

राज्यघटनेत २४३ एक्स आहे. विधानसभा ठरवू शकते की राज्याने गोळा केलेला अमुक कर किंवा त्याचा भाग नगरपालिकेला द्यायचा, आणि तो जमा करायला वेगळा निधी करायचा. दार आहे. १९९३ पासून आहे, ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून.

पलासिया_ताई

अजून एक छोटं दार आहे. जीएसटी आला तेव्हा मनोरंजन कर राज्याच्या हातून गेला पण पंचायत आणि नगरपालिका लावतील तो मनोरंजन कर घटनेत तसाच ठेवलाय. सिनेमा, इव्हेंट, मोठमोठे गाण्याचे शो आता इंदुरात काय कमी होतात का. पाच-सहा हजारांचं तिकीट काढणाऱ्याला वॉर्डाच्या लायब्ररीसाठी थोडे रुपये जड नाहीत. दूध-पिठापेक्षा तर कितीतरी बरं. पन्नास-शंभर रुपयांचं तिकीट सोडून द्यायचं, नाटक आणि शास्त्रीय गाण्याच्या सभा सोडून द्यायच्या.

रामबागकर

ताई, कल्पना आवडली पण एकट्या मनोरंजन कराने दहा वर्षांचा बॉन्ड पेलणार नाही. तो लॉकडाऊनमध्ये सगळ्यात आधी शून्य होतो. इंजिनिअर साहेबांच्या डागडुजीच्या खात्याला तो जोडू या, तिथे एखादं वर्ष कमी आलं तरी कोणाचा हप्ता चुकत नाही.

पलासिया_ताई

चालेल. पण मग पुस्तकं पण त्याच खात्यातून.

यशवंतरोड

बॉन्ड-कर्ज ह्या गोष्टी इंदूरला परक्या वाटण्याचं कारण नाही एवढंच सांगायला आलो. तुकोजीराव होळकर दुसरे ह्यांनी १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाने दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर, जमीन फुकट. त्या पैशातून इंदूरला रेल्वे आली. पैसा कशासाठी, व्याज किती, मुदत किती, सगळं कागदावर ठरलेलं. आज आपण निगमाकडे तेवढंच मागतोय.

कोथरूडची_सूनबाई

वा, हे माहीत नव्हतं! बाबांना वाचून दाखवते.

रामबागकर

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. विक्रीकराचा एक टक्का ही मागणी आज निगमाकडे करण्यात अर्थ नाही, ती भोपाळला करायची मागणी आहे. आणि ती अशी करावी असं मला वाटतं. चुंगी क्षतिपूर्तीचं महाराष्ट्रासारखं कायद्यात रूपांतर करा, आकडा आणि वार्षिक वाढ लिहून द्या, आणि जे निगम इमारतींसाठी बॉन्ड काढेल त्याच्या क्षतिपूर्तीचा ठरलेला भाग वीजबिल वगैरे कापायच्या आधी थेट ट्रस्टीच्या खात्यात टाका. बॉन्ड फिटेपर्यंत हा भाग कमी करता येणार नाही असं त्याच कायद्यात. निगमाने आपल्या बाजूने संपत्तीकराचा तेवढाच भाग त्याच खात्यात टाकायचा, म्हणजे विक्रीवरचा पैसा आणि घरपट्टीचा पैसा दोन्ही पायांवर बॉन्ड उभा राहील, एक डळमळला तरी दुसरा असेल, आणि बाहेरून येणाऱ्यांचा वाटा पण आला, ताईंचा गरिबावरच्या बोज्याचा मुद्दा पण निम्म्याने हलका झाला कारण बॉन्डसाठी नवीन कर एक पैशाचाही लागत नाही.

इमारतींची यादी बॉन्डच्या आधी, वॉर्डासकट आणि किमतीसकट. मतदानाची आपल्याकडे सोय नाही, पण परिषदेच्या बैठकीत एकेका इमारतीवर पार्षदांची (नगरसेवकांची) नावानिशी मतं नोंदवता येतात. यादीबाहेर एक रुपया नाही. शंभर कोटी, पंधरा नाही तर दहाच वर्षं. डागडुजी आणि पुस्तकांचं खातं हप्त्याच्या खाली.

सीए भाऊ, ह्यात वर्षाला क्षतिपूर्तीतून साधारण १५ आणि संपत्तीकरातून १५ कोटी फिरवायचे असं धरू का? १४.९ च्या हप्त्याला दुप्पट होतं.

सुदामानगर_सीए

धरा, पण एक बदल करा. इमारत पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतील, ती दोन वर्षं फक्त व्याज, म्हणजे वर्षाला ८ कोटी. मुद्दल तिसऱ्या वर्षापासून आठ वर्षांत, तेव्हा हप्ता १७.४ कोटी होतो. त्याच्या दुप्पट करायला ३० पुरणार नाहीत, ३५ लागतील. साडेसतरा-साडेसतरा लिहा. आणि राज्य सरकारची कर्जाला मंजुरी लागतेच, तर क्षतिपूर्तीचा कायदा आणि मंजुरी एकाच अर्जात मागा, दोनदा भोपाळच्या चकरा नकोत.

स्नेहलतागंज_इंजिनिअर

यादीत पहिल्या ओळीला फायर स्टेशन घाला, शहर सुपर कॉरिडॉरकडे वाढत चाललंय आणि बंब गावातून निघतो. नकाशे आणि अंदाजपत्रक मी करून देईन, फी नाही.

पलासिया_ताई

दुसऱ्या ओळीला लायब्ररी. आमच्या पार्षदांना भेटायची वेळ मी मागते. रामबागकर, सीए दादांचे आकडे घालून दोन पानांचा मसुदा मराठीत आणि हिंदीत करा. लश्करकर काका, तुम्ही त्यातल्या त्रुटी काढायच्या, ग्वाल्हेरच्या निगमालाही तोच लागणार आहे.

लश्करकर

पाठवा. मी पहिल्यांदा ते कलम बघणार ज्यात हा पैसा बांधून ठेवणं कधी संपतं ते लिहिलंय.